जिन्याखालून बोलतंय कोण?

धाकटी साठीला टेकली तरी सगळे तिला धाकटीच म्हणायचे. केस पांढरे झाले, चष्म्याच्या काचा जाड झाल्या, गुडघे कुरकुरायला लागले, पण नाव काही मोठं व्हायला तयार नव्हतं. नवं गिऱ्हाईक विचारायचं, "तुम्ही धाकट्या, मग थोरल्या कुठे असतात?" त्यावर ती दातांत धरलेल्या टाचण्या न काढताच म्हणायची, "असते इथेच." गिऱ्हाइकाला वाटायचं, थोरली मागच्या खोलीत असेल. पण मागे खोलीच नव्हती. एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची तिरपी जागा, तिला पुढून शटर, आत एक शिलाईयंत्र, एक इस्त्री आणि डोकं आपटून घ्यायला भरपूर सोय, एवढंच काय ते दुकान होतं.

काम दुरुस्तीचं. चेन बदलणं, उसवलेलं शिवणं, लांब ते आखूड करणं. हल्ली तरुण मुली ढगळ पँटी घेऊन यायच्या, खालून जराशी कमी करा म्हणायच्या. रंगवलेले केस, कानात वायर, ओठांवर काहीतरी पुटपुट. त्यातल्या कितीतरी जणी माइक धरून रॅप करणाऱ्या होत्या, रस्त्यातल्या भिंतींवर त्यांची चित्रं लागायची. धाकटी माप घेता घेता म्हणायची, "आम्ही दुसऱ्याची पँट घालायचो, कारण आमची नव्हती. तुम्ही पैसे मोजून दुसऱ्याची वाटेल अशी घेता. चालू द्या." मुली हसायच्या. आपल्या गुडघ्यापाशी वाकून खडूने खुणा करणारी ही म्हातारी त्या शहरात माइक हातात घेणाऱ्या पहिल्या दोन मुलींपैकी एक आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. धाकटीनेही कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी कुणी खरं मानलं नसतं म्हणा.

दुपारी जेवण झालं की ती शटर अर्ध्यावर ओढायची, फळीवरचा जुना टेपरेकॉर्डर खाली काढायची, त्यात एकच एक कॅसेट घालायची आणि बटण दाबायची. मग बाहेरच्यांना जिन्याखालून दोन बायकांची जुंपल्याचं ऐकू यायचं. एकीचा आवाज तरुण, टणक, शब्दाशब्दाला टोला मारणारा. दुसरीचा वयस्क, घोगरा, पण तिखटपणात रतीभर कमी नाही. एक अर्धं बोलायची, दुसरी उरलेलं अर्धं तिच्या तोंडातून ओढून घ्यायची, आणि हे सगळं ठेक्यात. वरचे नवे भाडेकरू दचकायचे. जुने सांगायचे, "काही नाही हो, धाकटी ताईशी बोलतेय." नवे म्हणायचे, "असं होय." ताईला जाऊन किती वर्षं झाली ते कळलं, की मात्र दुपारच्या वेळी जिना चढताना त्यांची पावलं भरभर पडायची.

ही ताई कोण, ते मुळापासून सांगायला हवं.

शहरात हिप-हॉप नुकतं रांगायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. शनिवारी संध्याकाळी याच इमारतीच्या तळघरात पोरं जमायची. जिन्यातला दिवा काढून तिथून वीज घ्यायची, आणि मग वरचे रहिवासी अंधारात चाचपडत शिव्या घालत घरी जायचे. गाणी लावणारा एक होता, त्याला तबकड्यावाला म्हणत. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या तो शेजारी शेजारी ठेवायचा. गाण्यात मधेच एक जागा येते, तिथे गाणारा गप्प होतो आणि नुसते ड्रम वाजतात. तेवढा तुकडा एका तबकडीवर संपला की तो दुसरीवर सुरू करायचा, तोवर पहिली हाताने मागे फिरवायचा. असा तो ठेका हवा तितका वेळ फिरत राहायचा. दुसऱ्या गल्लीतल्या पोरांना आपण काय वाजवतो ते कळू नये, म्हणून या शहाण्याने सगळ्या तबकड्यांवरची नावं पाण्यात भिजवून खरवडून काढली होती. त्यामुळे कधी कधी त्याचं त्यालाही कळायचं नाही. सगळे नाचायला कंबर कसून उभे, आणि कर्ण्यातून कुणीतरी बाई विरहाने रडायला लागायची.

त्या ठेक्यावर पोरं यमकं जुळवत बोलायची. मुलींनी काय करायचं? मुलींनी पोरांचे कोट धरायचे, आणि कुणाचा बाप जिना उतरताना दिसला तर आत वर्दी द्यायची. थोरली ताई आणि ही धाकटी, दोन्ही बहिणींनी बरेच शनिवार कोट धरले. मग एका शनिवारी थोरलीने हातातले सगळे कोट मधोमध जमिनीवर टाकले, त्यांच्यावर पाय देऊन उभी राहिली आणि माइक मागितला.

"तुला काय येतंय?" ज्याचा कोट सगळ्यात खाली होता, त्याने विचारलं.

"तू स्वतःचंच ऐकतोस, मी सगळ्यांचं ऐकलंय," थोरली म्हणाली. "आण तो इकडे."

पहिल्या दिवशी हशा झाला. दुसऱ्या शनिवारी कमी झाला. त्यानंतर दोघी मिळून उभ्या राहायला लागल्या आणि हसणारे आपापले कोट आपणच धरायला शिकले. सराव त्या याच जिन्याखाली करायच्या. वरून येणारेजाणारे वाकून ओरडायचे, "कोण बोलतंय गं खाली?" त्याचीच त्यांनी ओळ केली. थोरली विचारायची, "जिन्याखालून बोलतंय कोण?" आणि धाकटी ताडकन उत्तर द्यायची, "एक नाही बाबा, आहोत दोन!" तळघर दणाणून जायचं.

त्या मंडळींचा एक कडक नियम होता. ज्याची ओळ त्याचं तोंड. दुसऱ्याची ओळ म्हणणाऱ्याला उष्टं खाणारा म्हणत, आणि एकदा हे नाव चिकटलं की माइकला हात लावायची सोय उरत नसे. थोरली तर या बाबतीत सोवळ्यातलीच. सरावातसुद्धा ती धाकटीची ओळ उच्चारायची नाही. धाकटी विसरली तर आठवण करून द्यायची नाही, नुसती समोर बघत उभी राहायची. "तुझी आहे, तूच शोध," म्हणायची. सापडेपर्यंत तिथून हलायची नाही.

एका शनिवारी कुणीतरी टेपरेकॉर्डर आणला. माइक दोन होते, पण रेकॉर्डरला जोडायची वायर एकच होती, आणि तबकड्यावाल्याने घाईघाईत ती थोरलीच्या माइकला लावली. कर्ण्यातून दोघी ऐकू येत होत्या, त्यामुळे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. कॅसेट लावून बघितली तेव्हा तिच्यात थोरली होती, ठेका होता, लोकांचा गलका होता, आणि जिथे जिथे धाकटी बोलली होती तिथे नुसती रिकामी जागा होती. थोरली विचारायची, थांबायची, आणि कुणीतरी झकास उत्तर दिल्यासारखे लोक ओरडायचे. धाकटी दोन दिवस तबकड्यावाल्याशी बोलली नाही. "पुढच्या शनिवारी परत करू," तो म्हणाला. पण तो पुढचा शनिवार आलाच नाही. थोरलीचं लग्न झालं, वर्षभरात ती बाळंतपणात गेली. तिचा नवरा मुलगी आजीकडे टाकून दुसऱ्या गावी गेला आणि आजीने ती धाकटीच्या मांडीवर ठेवली.

माय मरो पण मावशी उरो म्हणतात. ही मावशी उरली. तिने लग्न केलं नाही, माइक तर पुन्हा हातातच धरला नाही. पोर रात्रंदिवस रडायची, तेव्हा एकदा काहीच सुचेना म्हणून तिने ती कॅसेट लावली. आईचा आवाज ऐकून पोर गप्प झाली, पण रिकामी जागा आली की पुन्हा भोकाड पसरायची. म्हणून धाकटीने त्या जागा भरल्या. बाळाला खांद्यावर घेऊन, येरझाऱ्या घालत, आपल्या ओळी आपण म्हटल्या. पोर झोपली. मग ती पोर मोठी झाली, शिकली, शहरात बस चालवायला लागली, मावशीला दटावायलाही लागली. मावशीची दुपार मात्र तशीच राहिली. भाचीने एकदा तो आवाज आपल्या फोनमध्येही उतरवून घेतला, फीत झिजून गेला तर काय घ्या म्हणून.

हे सगळं असंच चाललं असतं. पण धाकटीचा घसा बसला.

आधी वाटलं, कापसाच्या धुळीने असेल. गरम पाणी झालं, गुळण्या झाल्या. आवाज आणखी खरबरीत होत गेला. आणि एका दुपारी, "जिन्याखालून बोलतंय कोण?" असं थोरलीने विचारलं, आणि धाकटीला नेमका तेव्हाच ठसका लागला. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. ओळ हुकली, हे तिला कळत होतं. आता ताई पुढे निघून जाणार. इतक्या वर्षांत तिने एकही ओळ चुकवली नव्हती. तिने पदराने डोळे पुसले, ती दोन घोट पाणी प्यायली आणि मग तिच्या लक्षात आलं, की ठेका अजून फिरतोय आणि ताई अजून बोललेली नाही.

"एक नाही बाबा, आहोत दोन," ती हळूच म्हणाली.

लोक ओरडले. ताई पुढची ओळ बोलायला लागली.

आपलाच काहीतरी घोटाळा, असं तिने मनाला समजावलं. ठेका गोल फिरणारा, एखादं आवर्तन जास्त वाटलं असेल. दुसऱ्या दिवशी मात्र ती मुद्दाम गप्प बसली. थोरलीने विचारलं. ठेका फिरला, परत फिरला. धाकटीने एका पँटची चेन उसवली, नवी लावली, दोरा तोडला. ठेका फिरतच होता. तिने वाकून कॅसेटच्या खिडकीत पाहिलं. दोन्ही चाकं फिरत होती, पण डावीकडची फीत कमी होत नव्हती आणि उजवीकडची वाढत नव्हती. लोकांचा गलका कधीच थांबला होता. तिथे आता फक्त ठेका होता, आणि त्याच्या मागे माइकच्या अगदी जवळ कुणीतरी श्वास घेत होतं. आत, बाहेर. धीराने.

तिला भीती वाटली, नाही असं नाही.  पण खरं सांगायचं तर भीतीच्या आधी तिला आनंद झाला. इतक्या वर्षांनी कुणीतरी तिच्यासाठी थांबलं होतं. तिने ओळ म्हटली आणि ताई पुढे गेली.

भाचीच्या फोनमधला आवाज तिने मुद्दाम लावून बघितला. तो थांबत नव्हता. रिकामी जागा आली तशी निघून गेली. थांबत होती ती या कॅसेटमधली.

तबकड्यावाला आता पंखे दुरुस्त करायचा. धाकटी त्याच्या दुकानात गेली आणि विचारलं, "कॅसेट भरली त्या दिवशी माझ्या ओळीला तू ठेका किती वेळा फिरवलास?"

"एकदा," तो पंख्याचं पातं पुसत म्हणाला. "तुझी ओळ आखूड होती. जास्त फिरवला असता तर तुझ्या ताईने मला तिथेच गाडला असता."

"आता जास्त फिरतो."

त्याने फडकं खाली ठेवलं. कसा ते तिने सांगितलं. तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही.

"ती कुणासाठी थांबणारी बाई नव्हती," तो म्हणाला. "माझ्यासाठी नाही, नवऱ्यासाठी नाही. तुझ्यासाठी तेवढी थांबायची. ऐकून बघ म्हणून मला बोलावू नकोस हं. त्या तबकड्या फिरवणारे हात माझे होते. ते आता माझ्याशिवाय फिरताहेत, हे मला ऐकायचं नाही." आणि तो तिला पोचवायला दारापर्यंतही आला नाही.

मग डॉक्टर झाले. घशात नळी घालून बघितलं, तुकडा काढून तपासला. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणारी होती. गाठ आहे, वाईट आहे, पण वेळेत सापडली आहे. पूर्ण स्वरयंत्र काढावं लागेल. श्वासासाठी गळ्याला छिद्र राहील. जगाल, पुष्कळ जगाल, पण आवाज राहणार नाही.

"आणि नाही काढलं तर?" धाकटीने विचारलं.

"मग आवाजही राहणार नाही आणि तुम्हीही."

धाकटी घरी आली आणि म्हणाली, बघू. पुढच्या आठवड्यात म्हणाली, हातात कामं आहेत. त्यानंतर म्हणाली, थंडी कमी होऊ दे. भाची डोकं आपटून घ्यायची तेवढी राहिली. ज्या बाईने कधी डोकेदुखीची गोळी घ्यायला टाळाटाळ केली नाही, ती जिवावरचं दुखणं उशाला घेऊन का बसलीय, ते तिला कळत नव्हतं. कळणार तरी कसं? मावशीच्या डोक्यात दुसरंच चित्र होतं. आपण उत्तर दिलं नाही तर ताई पुढे जाणार नाही. त्या तळघरात, एकटी, हातात माइक धरून, समोर बघत उभी राहील. टेप बंद केला तरी काय झालं? बटण बंद केल्याने माणूस थोडंच घरी जातं? आवाज गेला तर ताई कायमची तिथे अडकणार, या एका भीतीपायी ती स्वतःचा गळा कापून घ्यायला तयार नव्हती.

शेवटी भाचीच एका दुपारी ड्यूटी सोडून दुकानात शिरली. अर्ध्या शटरखालून वाकून, खाकी सदरा घालून, रागाने लाल झालेली. आत कॅसेट चालू होती. थोरली विचारून बसली होती, "जिन्याखालून बोलतंय कोण?" आणि धाकटी तोंड उघडून बसली होती, पण त्या दिवशी घशातून फक्त शिट्टीसारखी हवा येत होती.

"मावशी, पुरे झालं आता. उद्याच्या उद्या..." भाची बोलता बोलता थांबली. तिने टेपरेकॉर्डरकडे पाहिलं. ती कॅसेट तिला आईच्या दुधापेक्षा जास्त ओळखीची होती. ठेका फिरतोय, फिरतोय, आणि ओळ येत नाही.

"हा अडकला का?"

धाकटीने नकारार्थी मान हलवली. खुणेने तिने श्वास ऐकायला सांगितलं. भाचीने कान जवळ नेला, आणि तिच्या चेहऱ्यावरचा राग उतरला. एवढी धिप्पाड बस वळवणारी बाई, पण मटकन कपड्यांच्या ढिगावर बसली.

"ती तुझ्यासाठी थांबलीय," भाची कुजबुजली. मग तिला सगळं एकदम कळलं. "म्हणून तू जात नाहीस होय? एवढंच ना? मग मी म्हणते! मला पाठ आहे!" आणि मावशी हाताने नको नको करत असताना ती मोठ्याने म्हणाली, "एक नाही बाबा, आहोत दोन!"

कॅसेटमधला श्वास थांबला. लोक ओरडले नाहीत. थोडा वेळ नुसता ठेका. मग थोरलीने परत विचारलं, "जिन्याखालून बोलतंय कोण?"

भाचीने परत तीच ओळ म्हटली, या वेळी जरा अडखळत.

आणि तिसऱ्यांदा प्रश्न आला. पण आता तो ठेक्यात नव्हता, यमकातही नव्हता. अंधारात दाराची कडी वाजली की घरातली बाई विचारते तसा, दबलेला आणि संशयाचा. "जिन्याखालून... बोलतंय कोण?"

भाचीने तोंडावर हात दाबून धरला. आईने तिला आयुष्यात एवढा एकच प्रश्न विचारला होता, आणि तोही परकी समजून. धाकटी पाणी प्यायली, तिने छातीवर मूठ ठेवली, आणि होता नव्हता तेवढा आवाज खरवडून काढून आपली ओळ म्हटली. लोक ओरडले. ताई पुढे निघाली.

टेप संपल्यावर भाची रडली, आणि मग भांडली. "माझी आई गेली ती गेली. तिला मी पाहिलीसुद्धा नाही. मला आई म्हणून जी माहीत आहे ती तू आहेस. त्या कॅसेटमधलीला सोबत हवी म्हणून तू पण जाणार? आणि मी काय करू? दोन दोन आया तिकडे, आणि मी इथे बस चालवू?"

धाकटीने कॅसेट बाहेर काढून हातात धरली.

"तिला सांग ना," भाची डोळे पुसत म्हणाली. "थांबता येतं तर ऐकताही येत असेल. सांगून तर बघ, की मला जाऊ दे."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी धाकटीने शटर अर्ध्यावर ओढलं. सगळ्या ओळी नीट म्हटल्या, घशात टाचण्या टोचत असल्यासारखं दुखत होतं तरी. शेवटची जोडी आली. थोरली विचारते, "दम लागला तर थांबू का गं?" आणि धाकटी म्हणते, "थांबायचं नाही, धावू या गं!" एवढं झालं की तळघर डोक्यावर घ्यायचं, असं त्यांचं ठरलेलं होतं. थोरलीने विचारलं. धाकटीने ओळ म्हटली नाही. ती रेकॉर्डरजवळ सरकली.

"ताई," ती म्हणाली, "उद्या माझा आवाज काढून टाकणार आहेत. मला उत्तर देता यायचं नाही. तुझ्या पोरीसाठी जातेय, माझ्यासाठी नाही. तू थांबून राहू नकोस."

ठेका फिरला. आतला श्वास एकदा खोल गेला आणि सुटला. मग थोरली बोलली. ठेक्यात नाही, माइकमध्येही नाही, अगदी शेजारी बसल्यासारखी.

"मग दे इकडे."

आणि खट्कन बटण आपोआप वर आलं.

शाळेतून येताना दप्तराने खांदा दुखायला लागला, की थोरली असंच म्हणायची आणि ते काढून घ्यायची.  धाकटीला वाटलं, ताईने ओझं उतरवलं. मोकळ्या मनाने ती दवाखान्यात गेली. गुंगीचं औषध देताना डॉक्टरीणबाईने आकडे मोजायला सांगितले, तर ही हसत होती.

ऑपरेशन चांगलं झालं. गळ्याच्या खाली, हाडांच्या खोबणीत एक छिद्र राहिलं. त्यावर जाळीचा रुमाल. बोलायला गेलं की ओठ हलायचे आणि छिद्रातून हवा यायची, बस. पहिले काही दिवस झोपेतून उठून ती भाचीला हाक मारायची आणि भाचीला जाग यायची नाही, तेव्हा तिला फार वाईट वाटायचं. मग भाचीने तिच्या उशाशी एक घंटी आणून ठेवली. हळूहळू ती दुकानात बसायला लागली. गिऱ्हाइकं खुणांनी बोलायची. ढगळ पँटीवाल्या मुली तर इतक्या मोठ्याने बोलायच्या, जसं काही तिचे कानच कापले होते.

कॅसेट मात्र ती लावत नव्हती. दुपार झाली की फळीकडे बघायची आणि पुन्हा सुईत दोरा ओवायला लागायची. ताईने "दे इकडे" म्हटलं खरं, पण तरीही ती थांबलेली असली तर? आपण लावायचं, तिने विचारायचं, आणि आपण मासोळीसारखं तोंड उघडत बसायचं? भाचीने ओळखलं. रजेच्या दिवशी ती दुकानात आली, तिनेच शटर ओढलं, रेकॉर्डर खाली काढला.

"एकदा बघून टाकू, मावशी. मी आहे ना."

तिने बटण दाबलं. खरखर झाली, ठेका सुरू झाला. थोरलीचा तो टणक आवाज आला, जसा नेहमी यायचा.

"जिन्याखालून बोलतंय कोण?"

धाकटीने डोळे मिटून घेतले.

"एक नाही बाबा, आहोत दोन!"

क्षणाचाही अवकाश नाही. ठेका एकदाच फिरला, आणि लख्ख, धारदार, अठरा वर्षांच्या मुलीचा आवाज आला. त्याला ना घोगरेपणा होता, ना ठसका. धाकटीने तो स्वतःच्या कानांनी पूर्वी कधी असा बाहेरून ऐकलेला नव्हता, तरी तिला तो ओळखायला वेळ लागला नाही. लोक ओरडले. थोरलीने पुढची ओळ टाकली, त्या आवाजाने ती वरच्या वर झेलली. दोघी एकमेकींच्या तोंडचं हिसकावत निघाल्या, मधेच हसल्या, आणि त्या हसण्याला पूर्वीच्या कॅसेटमध्ये जागा नव्हती. धाकटी सवयीने ओठ हलवायला लागली, पण ती कुठेच वेळेत पोचत नव्हती. प्रत्येक ओळ तिच्या आधी म्हणून झालेली असायची. तिने ओठ मिटले. तिला बरं वाटलं. ताई एकटी नव्हती, अडकलेली नव्हती. पण आता तिच्यासाठी कुणी थांबत नव्हतं, आणि यापुढे थांबणारही नव्हतं.

"दम लागला तर थांबू का गं?"

"थांबायचं नाही, धावू या गं!"

टेप इथे संपायचा. आज तो संपला नाही. चाकं फिरत राहिली, आणि आतल्या दोघी तिने कधी न ऐकलेल्या ओळी म्हणायला लागल्या.

भाची दोन्ही हातांनी रेकॉर्डर कवटाळून बसली होती. तिचा चेहरा लहान पोरीसारखा फुलला होता, गालांवरून पाणी वाहत होतं. ती यंत्राच्या जाळीवर ओठ टेकवून बोलत होती, "मावशी! मावशी, तुझा आवाज परत आला! आई आणि मावशी, दोघी आहात तुम्ही! दोघी आत आहात!"

धाकटी तिच्या पाठीमागे उभी होती. अगं, मी इथे आहे, असं तिला म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलं, आणि गळ्यावरचा रुमाल थोडासा हलला.